जुळाऱ्याचा प्रमाद

राजेशमला मी शेवटचा भेटलो तो एका मंगळवारी दुपारी, कल्याणला, त्याच्या घरी. अर्धांगाच्या झटक्याने त्याची उजवी बाजू गेली होती. म्हणजे नेमका छापखान्यातले खिळे उचलणारा हात. बोलणंही तुटक झालं होतं, एकेक शब्द शोधून काढल्यासारखं. सत्तम्मावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला पाठीशी दोन उशा लावून खाटेवर बसवलं होतं. मी नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र घेऊन गेलो होतो, त्याला वाचून दाखवायला. कुठल्याशा गोदामाला आग लागल्याची बातमी होती. 'अपघाताचे कारण समजू शकले नाही' हे शेवटचं वाक्य मी वाचलं आणि त्याने डावा हात वर केला. थोडा वेळ ओठ हलवले आणि म्हणाला, "अदि... प्रमादम्... कादु."

मला इतका आनंद झाला की मी खाटेच्या कडेवर हात आपटून ओरडलोच, "हत्य!"

हा आमच्या दोघांचा जुना खेळ होता. एका तेलुगू सिनेमात पत्रकार असलेला हिरो कारखान्याच्या दारात उभा राहून म्हणतो, 'इदि प्रमादम् कादु... हत्य!' हा अपघात नाही, खून आहे. एकाने पहिला अर्धा भाग म्हणायचा, दुसऱ्याने 'हत्य' म्हणून टेबलावर हात आपटायचा, असं आम्ही दोनएक वर्षं केलं. मग माझ्याकडून एक गोष्ट घडली आणि राजेशमने तो संवाद म्हणायचं सोडून दिलं. भांडण झालं नाही, बोलणं थांबलं नाही, फक्त तेवढं एक वाक्य आमच्यातून गेलं. त्याला पंचवीस-तीस वर्षं झाली. त्या दुपारी ते वाक्य परत आलं आणि मला वाटलं, चला, राजेशमने आपल्याला माफ केलं. पण तो हसला नाही. सावकाश मान हलवली आणि पुन्हा म्हणाला, "अदि." मूळ संवादात 'इदि' होतं, हे मला पक्कं आठवत होतं. म्हटलं, झटक्यात माणसाचे शब्द इकडचे तिकडे होतात, चालायचंच. मी त्याच्या अंगावरची चादर नीट केली आणि निघालो. नवव्या दिवशी सकाळी त्याच्या मुलीचा फोन आला.

त्याला आता सहा आठवडे होऊन गेले. राजेशमवर लिहायचं तर तो किती चांगला होता वगैरे लिहून भागणार नाही. ते लिहायला दुसरे लोक आहेत. मला लिहायचंय ते 'इदि' आणि 'अदि'मधल्या फरकाबद्दल, आणि तो मला किती उशिरा कळला त्याबद्दल.

कल्याणला आमचा छापखाना होता. वडिलांनी काढलेला, एक पायाने चालवायचं ट्रेडल मशीन, शिशाची अक्षरं म्हणजे खिळे ठेवायच्या खणाखणांच्या केसेस आणि भिंतीला देवाच्या तसबिरीशेजारी लावलेली एक पाटी : 'शुद्धलेखन तपासून मगच बोलावे'. मुख्य धंदा लग्नपत्रिकांचा. राजेशम तिथे आला तेव्हा विशीतला होता. त्याचे वडील तेलंगणातून भिवंडीला मागावर कामाला आले. हा मात्र गावाकडे एका तेलुगू छापखान्यात खिळे जुळवायला शिकला आणि मागाचा आवाज सोसत नाही म्हणून कल्याणात नोकरी शोधत फिरत होता. वडिलांनी विचारलं, आजवर काय काय जुळवलंयस? तो म्हणाला, 'पत्रिका.' वडील खूश झाले. लग्नसराई तोंडावर होती, लगेच त्याच्या हातात एका लग्नाचा मजकूर ठेवला. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला आणि अदबीने विचारलं, यात बातमी कुठाय? तेलुगूत पत्रिका म्हणजे वर्तमानपत्र. हे कळेपर्यंत आमच्याकडे एक पंगतभर माणसं हसून गेली होती. आमच्याकडे पत्रिका छापतात आणि शेजारचे जोशी त्या जुळवतात, तू नेमका कुठे कामाला आलायस ते ठरव, असं मी त्याला पुढे कित्येक दिवस छळत असे.

तो माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा. मी त्याला अरेतुरे करायचो आणि तो मला 'भाऊ, तुम्ही'. 'तू' म्हण असं मी शंभरदा सांगितलं असेल, पण मालकाच्या मुलाला 'तू' म्हणणं त्याच्या तोंडात बसेना. त्याचं मराठी कुठल्या शाळेतून आलेलं नव्हतं. ते खिळ्यांतून आलं, म्हणजे उलटं आलं. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं असतं आणि जुळारी ते तसंच वाचतो. पहिले काही महिने तो अर्थ न कळता, नुसत्या आकारावरून जुळवायचा. मग हळूहळू 'श्री' आणि 'सौ'च्या पलीकडे गेला. मजकूर जुळवता जुळवता वाचायला लागला, वाचता वाचता अडायला लागला, आणि तीन-चार वर्षांत अशी वेळ आली की ऱ्हस्वदीर्घाची शंका आली की वडील कोश उघडायच्या आधी केसपाशी उभ्या असलेल्या राजेशमकडे बघायचे.

त्याचा आणखी एक नाद होता. तेलुगूत आणि मराठीत दिसायला तोच शब्द, पण अर्थ वेगळा, असे शब्द तो गोळा करायचा. 'मर्यादा' तुमच्याकडे हद्द, आमच्याकडे मान. 'अभिमान' तुमच्याकडे गर्व, आमच्याकडे माया. 'उद्योग' आमच्याकडे नोकरी, आणि तुमच्याकडे पोरांनी केले की मार मिळतो. चहाच्या वेळी असा एखादा शब्द तो समोर ठेवायचा आणि मी ओळखायचा प्रयत्न करायचो. एकदा मी नवीनच हिरो सायकल घेतली होती, तिच्यावर बसून 'मला सायकलचा अभिमान आहे' म्हणालो, तर तो म्हणाला, मलाही, पण तेलुगूत. हे सगळं मला चांगलं ठाऊक होतं, हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

वडिलांचा हात चालेना झाला तसं मी छापखान्यात लक्ष घालू लागलो आणि लग्नपत्रिकांना कंटाळून एक चार पानी साप्ताहिक सुरू केलं. संपादक मी, वार्ताहर मी, मुद्रक आणि प्रकाशक म्हणून नाव वडिलांचं. शुक्रवारी जुळणी, शनिवारी अंक. कल्याण-डोंबिवलीतले खड्डे, नळाचं पाणी, शाळांचे निकाल आणि नाट्यगृह कधी होणार हा प्रश्न, एवढं आमचं जग. राजेशम मात्र खुलला. त्याला अखेर त्याच्या अर्थाची पत्रिका मिळाली होती.

त्याच सुमारास एका रविवारी सकाळी तो मला तेलुगू सिनेमाला घेऊन गेला. कल्याणच्या एका टॉकीजला रविवारी सकाळच्या खेळाला दक्षिणेकडचे सिनेमे लागायचे आणि भिवंडीपासून अंबरनाथपर्यंतचे तेलुगू लोक डबे बांधून यायचे. आदल्या दिवशी तो म्हणाला होता, 'भाऊ, पत्रिकावाल्याचा पिक्चर आहे.' मी मुद्दाम विचारलं, हिरो जोशीबुवा आहे का? नाव काय होतं त्या सिनेमाचं, ते मला त्या दिवशीही उच्चारता आलं नाही आणि राजेशमही नंतर त्याला 'पत्रिकावाला' एवढंच म्हणायचा. हिरो वार्ताहर. खांद्याला कॅमेरा, खिशाला पेन. वीस-पंचवीस गुंडांना लोळवतो, दोनदा नदीत पडतो, एकदा चालत्या ट्रकवरून उडी मारतो, पण पेन काही खिशातून पडत नाही. राजेशम शेजारी बसून माझ्या कानात मराठी सांगत होता. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ वळून काहीतरी बोलला, तर राजेशमने त्यालाही मराठीतच उत्तर दिलं, इतका तो गुंगला होता.

गोष्ट एका कारखान्याची होती. भट्टी फुटते, कामगार मरतात, मालक अपघात झाला म्हणून हळहळतो आणि हिरो दारात उभा राहून तो संवाद म्हणतो. टॉकीजमध्ये शिट्ट्या, वर उडवलेले कागद, पुढच्या रांगेत नाच. नंतर त्याचा संपादक घाबरतो, बातमी बदलायला सांगतो, तेव्हा हिरो छापखान्यात घुसून स्वतःच्या हाताने खिळे जुळवतो. इथे राजेशम एकदम हसायला लागला. हिरो अक्षरं सुलट जुळवत होता, आपण पाटीवर लिहितो तशी. हे छापलं तर आरशात धरून वाचावं लागेल, तो म्हणाला. बाहेर पडल्यावर आम्ही स्टेशनाकडे चालत निघालो. राजेशम म्हणाला, "हिरोला एवढं धावावं कशाला लागतं, भाऊ? जुळाऱ्याने मथळा बदलला असता तर पिक्चर अर्ध्या तासात संपला असता." मी त्यावर काहीतरी टवाळी केली. तो सिनेमा त्याने नंतर आणखी दोनदा पाहिला.

दोनएक वर्षांनी डोंबिवलीच्या औद्योगिक भागात कपडा रंगवणाऱ्या एका कारखान्यात बॉयलर फुटला. दोन कामगार गेले. त्यातला एक शेजारच्या कोपर गावचा, मधुकर नावाचा. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आमच्या छापखान्यात आले. गोमाबाबा म्हात्रे, पूर्वी खाडीकाठच्या मिठागरात काम केलेला, तळपायाला भेगा पडलेला आगरी म्हातारा. मोठ्या पेपरांच्या कचेऱ्या त्याला माहीत नव्हत्या, आमचा छापखाना माहीत होता, कारण मधुकरच्या लग्नाची पत्रिका आम्हीच छापली होती. तो बाकावर बसला आणि एका सुरात सांगत राहिला. वाफेची नळी आठ दिवस गळत होती, पोरगा रोज घरी येऊन सांगत होता, साहेबांना सांगितलं तर काम बंद ठेवायचं नाही असा हुकूम. आणि आता कारखानावाले म्हणतात की मधुकरनेच चावी उलटी फिरवली. त्याने बाकी काही मागितलं नाही. नुसतं एवढंच म्हणाला, "माज्या पोऱ्याची चुकी नाय, येवढा लिवा."

मी लिहून घेतलं. पण लेखी पुरावा काही नव्हता. मधुकरबरोबरचे कामगार नोकरीच्या भीतीने तोंड उघडेनात. शुक्रवारी दिवसभर मी डोंबिवलीत होतो. कारखान्याच्या दारातून परत पाठवला गेलो, मग इस्पितळात बसलो. संध्याकाळी पाचच्या सुमारास समोरच्या औषधाच्या दुकानातून छापखान्यात फोन लावला आणि राजेशमला बातमी सांगितली. कारखानदाराचं म्हणणं आणि म्हाताऱ्याचं म्हणणं, दोन्ही सारखं मोजून मापून. मथळाही सांगितला : 'रंग कारखान्यात भीषण अपघात, दोन कामगार मृत्युमुखी'. त्याने तो फोनवर परत म्हणून दाखवला की नाही, हे मला कितीही ताण दिला तरी आठवत नाही. तिथून मी थेट घरी गेलो. मथळ्याचं प्रूफ मी पाहिलं नाही, कारण मथळ्यात राजेशमची चूक कधी निघायची नाही.

शनिवारी अंक हातात घेतला आणि मथळा पुन्हा वाचला. 'रंग कारखान्यात भीषण प्रमाद'. आमच्याकडच्या सगळ्यात मोठ्या खिळ्यांत. मराठीत प्रमाद म्हणजे चूक, तीही साधीसुधी नव्हे. एका शब्दाने सगळी बातमी फिरली होती. मी केसपाशी गेलो आणि विचारलं, हे झालं कसं? राजेशमने मथळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी त्याला बोलूच दिलं नाही. मीच म्हणालो, अरे, तुझ्या तेलुगूत अपघाताला प्रमाद म्हणतात, तुझा तो पत्रिकावाला पिक्चर नडला बघ आपल्याला. तो म्हणाला, "तुम्ही म्हणता तसंच असेल, भाऊ." आणि पुढच्या कामाला लागला.

रविवारी गोमाबाबा अंकाची घडी घेऊन आला. कोणीतरी त्याला वाचून दाखवलं होतं, पण त्या एका शब्दाशी वाचणाराही अडला होता. त्याने तो शब्द राजेशमपुढे धरला. राजेशम म्हणाला, प्रमाद म्हणजे चूक, मोठी चूक. "कोनाची?" म्हाताऱ्याने विचारलं. राजेशमने मथळ्यातल्या 'कारखान्यात' या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाला, कारखान्याची. म्हाताऱ्याने अंकाची घडी पुन्हा तशीच केली, बंडीच्या आत ठेवली आणि दोघांना हात जोडून गेला. मी समोर होतो. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं होतं, आपण केलेलं नसूनही.

ते बरं वाटणं मंगळवारपर्यंत टिकलं. मंगळवारी कारखान्याच्या वकिलाची नोटीस आली. मथळ्याने कारखान्याची बदनामी झाली आहे, पुढच्या अंकात पहिल्या पानावर खुलासा छापा, नाहीतर मुद्रक आणि प्रकाशक यांच्यावर फौजदारी दावा लावू. मुद्रक आणि प्रकाशक म्हणजे माझे वडील. त्यांचं वय तेव्हा सत्तरीच्या घरात, दम्याने जिना चढवत नसे. या माणसाला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावायच्या, ही कल्पना मला सहन झाली नाही. हे कारण खरं आहे आणि आजही मी ते नाकारत नाही. पण नुसता खुलासा करूनही भागलं असतं. 'अनवधानाने' असा एक शब्द घातला असता तरी चाललं असतं. मला त्याहून भक्कम, कुणालाही पटेल असं कारण हवं होतं, आणि ते माझ्या हाताशी होतं.

मी लिहिलं : 'गेल्या अंकातील मुख्य मथळ्यात अपघात या शब्दाऐवजी प्रमाद असा शब्द छापला गेला. आमच्या जुळाऱ्याची मातृभाषा तेलुगू असून त्या भाषेत अपघातास प्रमाद म्हणतात. मराठीच्या अज्ञानामुळे झालेल्या या चुकीमुळे कारखान्याच्या व्यवस्थापनाविषयी गैरसमज झाला असल्यास आम्ही दिलगीर आहोत.'

आणि जुळारी आमच्याकडे एकच होता. तो कागद मी राजेशमच्याच हातात दिला. त्याने तो वाचला. नेहमीसारखा केससमोर उभा राहिला आणि एकेक खिळा उचलू लागला. दोन ओळी झाल्यावर थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाऊ, एका वाक्यात 'मुळे' दोनदा येतंय. 'अज्ञानातून' करू?"

मी म्हटलं, कर.

मराठी येत नाही म्हणून ज्याच्या नावावर चूक टाकली, तो माझं मराठी सुधारत होता, आणि मला तेव्हा ते जाणवलंसुद्धा नाही... नाही, हे खोटं आहे. जाणवलं होतं. मी चहा सांगायला बाहेर गेलो.

खुलाशाचा अंक निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी गोमाबाबा पुन्हा आला. या वेळी बाकावर बसला नाही. दोन्ही अंक त्याच्याजवळ होते. ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवून त्याने मला विचारलं, "मंग आता चुकी कोनाची?"

मी टेबलावरचे कागद सारखे केले. राजेशम केसपाशी पाठमोरा उभा होता. त्याचा हात थांबला, पण तो वळला नाही. म्हाताऱ्याने थोडी वाट पाहिली आणि अंक तिथेच टाकून निघून गेला. पुढे कारखान्याने चौकशीत जे म्हणायचं ते म्हटलं, मधुकरनेच चावी उलटी फिरवली असंच कागदावर राहिलं, आणि आमचा खुलासा त्या कागदांना जोडला गेला असं मला नंतर कोणीतरी सांगितलं. ते मी कधी जाऊन तपासलं नाही.

त्यानंतर राजेशम सात-आठ वर्षं आमच्याकडे होता. कामात फरक पडला नाही. चहाच्या वेळी गप्पाही होत, पण तो शब्द समोर ठेवायचा खेळ बंद झाला आणि पत्रिकावाल्याचं नाव त्याने काढलं नाही. मी एकदोनदा त्याला 'चल, रविवारी सकाळचा खेळ टाकू' म्हणालो, तर घरी काम आहे म्हणाला. वडील गेले तेव्हा त्याने घरच्यासारखे तेरा दिवस पाळले. मग संगणकावरची जुळणी आली, ऑफसेट आलं, साप्ताहिक आधीच धापा टाकत होतं ते बंद पडलं, आणि एक दिवस टेम्पो आला आणि ट्रेडल, केसेस, खिळे सगळं मोडीत गेलं. राजेशम त्या दिवशी सगळे खण पुसून घेत होता. मोडीत जाणार आहे ते पुसून काय करतोस, असं मी म्हटलं. तो म्हणाला, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही आणि पुरता आजही लागत नाही. नंतर तो एका वकिलाकडे टायपिंगचे कागद तपासायला जायचा. मी अधूनमधून भेटायचो आणि दर वेळी निघताना वाटायचं की आज विषय काढावा. मनात वाक्यसुद्धा तयार असायचं. ते तसंच घेऊन मी घरी यायचो.

त्याच्या दिवसकार्याला मी गेलो तेव्हा दाराशी एक वाकलेला म्हातारा काठी धरून बसला होता. मी ओळखलं नाही. त्याने मला ओळखलं. गोमाबाबा म्हात्रे. नव्वदीला टेकला असेल. कोपरहून नातवाला घेऊन आला होता. मी शेजारी बसलो आणि कसंबसं विचारलं, तुम्ही कसे इथे? तर कळलं की इतकी वर्षं मधुकरच्या वर्षश्राद्धाला राजेशम न चुकता कोपरला जात होता. मला कधी बोलला नाही. म्हातारा म्हणाला, "यानी मना तवाच सांगलेला, घरी येऊन. शबूद बरोबर व्हता. पेपर मागं फिरला." त्याच्या आवाजात राग नव्हता. माझ्याकडे बघून तो असंही म्हणाला की तुमचे वडील भले माणूस होते.

लोक पांगल्यावर सत्तम्मावहिनींनी आतून एक पुडकं आणून माझ्या हातात दिलं. तळहाताएवढं, पण जड. म्हणाल्या, प्रेसची वस्तू आहे, भाऊंना परत द्यायची असं ते सांगून ठेवत होते, आता तुम्ही न्या. वरचा कागद उलगडला. आतून तीन अक्षरं निघाली, मोठ्या खिळ्यांची, जुळारी बांधतात तशी दोऱ्याने गच्च बांधलेली. उलटी अक्षरं वाचायची सवय मलाही थोडी आहे. 'प्रमाद'. काम झालं की प्रत्येक खिळा आपापल्या खणात परत गेला पाहिजे, हा राजेशमचा नियम होता. खणात न टाकलेले एवढेच खिळे असतील त्याने आयुष्यात. आणि ज्या कागदात ते गुंडाळले होते ते मथळ्याचं प्रूफ होतं, त्या शुक्रवारचं. त्यावर शाईत स्वच्छ उमटलं होतं : 'रंग कारखान्यात भीषण अपघात'. म्हणजे फोनवर मी सांगितलेला शब्द त्याने बरोबर ऐकला होता, बरोबर जुळवला होता आणि प्रूफही काढलं होतं. मग लाल पेन्सिलीने 'अपघात' खोडला होता आणि समासात, प्रूफ तपासणारे करतात तशी खूण करून, त्याच्या त्या डावीकडे झुकणाऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'प्रमाद'.

मी वहिनींना विचारलं, मग बोलला का नाही तो? त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "म्हणायचे, मुद्दाम केलं म्हटलं तर मोठ्या मालकांना कोर्टात नेतील. चूक म्हटलं की सगळे सुटतात." मोठे मालक म्हणजे माझे वडील.

सगळे सुटले खरे. मधुकर, त्याचा बाप आणि राजेशम सोडून.

घरी येताना मला ते 'अदि' आठवलं. तेलुगूत 'इदि' म्हणजे हे आणि 'अदि' म्हणजे ते. एवढं मला त्याच्याच संगतीत कळलं होतं. संवाद तो विसरलेला नव्हता. 'अपघात' शब्द कानावर पडल्यावर त्याने त्यात जाणूनबुजून एक अक्षर बदललं होतं, आणि 'प्रमाद' या वेळी माझ्या भाषेतून घेतला होता. ते, म्हणजे त्या मथळ्यातलं, चूक नव्हतं, एवढं त्याला सांगायचं होतं. दोन भाषांमध्ये एक वाक्य जुळवायला त्या अर्ध्या गेलेल्या जिभेला किती वेळ लागला असेल... आणि मी खाटेवर हात आपटून 'हत्य' म्हणून ओरडलो. तो मला माफ करत नव्हता. अजून समजावूनच सांगत होता.

ते तीन खिळे आता माझ्या लिहिण्याच्या टेबलावर आहेत. परत टाकायला खण उरलेला नाही. दोरा मी सोडवलेला नाही, कारण तशी गाठ मला मारता येत नाही. परवा कोपरला जाऊन आलो. गोमाबाबाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यासमोर बसून दिलं, लाल खूण केलेलं प्रूफ दाखवलं. त्याला वाचता येत नाही, त्याने कागदावरून हात फिरवला आणि नातवाला चहा ठेवायला सांगितला.

साप्ताहिक आता नाही, म्हणून त्यातल्या खुलाशाची दुरुस्ती इथे करतो. 'त्या अंकातील मथळ्यात प्रमाद हा शब्द आमचे जुळारी राजेशम यांनी अर्थ जाणून जुळवला होता आणि तो बरोबर होता. अज्ञान त्यांचे नव्हते. भीतीमुळे केलेल्या खुलाशामुळे त्यांच्यावर आणि मधुकर म्हात्रे यांच्यावर जो अन्याय झाला, तो संपादकाचा प्रमाद होय.'

'मुळे' दोनदा आलंय. तसंच ठेवतो. ते बदलायला सांगणारा माणूस आता नाही.